कातळवाडीचा खुडूक कोंबडा

भागाक्कांचा कोंबडा खुडूक बसला, त्या सकाळी नंदा उघडेला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर नुसता वैताग होता.

त्याच्याखाली उबवायला अंडं वगैरे काही नव्हतं. उखळाला टेकू म्हणून आक्का एक गुळगुळीत गोटा लावत असत. तोच पोटाखाली ओढून, पंख पसरून, मान आखडून तो बसला होता. एरवी हा गडी दिसेल त्याच्या पोटरीवर धावून जायचा. त्याच्या धाकानं पोस्टमन कुंपणाबाहेरूनच हाका मारायचा. नंदानं त्याला बोटानं ढोसलं, तर त्यानं घशातल्या घशात गुरगुर केली आणि पुन्हा डोळे अर्धवट मिटून घेतले.

"नंदे, नर कुठं खुडूक बसतो का गं?" दारातून भागाक्कांनी विचारलं.

"नाही बसत, आक्का."

"मग ह्यो काय करतोय?"

नंदानं त्याच्यापुढे चार दाणे टाकले, त्यानं बघितलंसुद्धा नाही.

भागाक्का म्हणजे नंदाची थोरली जाऊ. दोघींची घरं एका भिंतीची, अंगण एकच, मध्ये कारवीचं कुंपण. थोरले दीर जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि नंदाचा नवरा नाशिकला एका सोसायटीत रखवालदार होता, तो सणापुरता येई. मुलं पांगलेली. त्यामुळे सकाळचा चहा आणि संध्याकाळची कुरबुर या दोन्हींसाठी दोघींना एकमेकीच होत्या. आक्कांच्या तेवीस कोंबड्या होत्या आणि त्यांच्यावर त्यांचा जीव होता. मुलगा शहरात न्यायला आला की त्या सांगत, "कोंबड्यांचं कोण बघंल?" आणि त्याला रिकाम्या हातानं परत पाठवत. कोंबड्या आहेत तोवर आपण आपल्या घरात आहोत, हा त्यांचा हिशेब सरळ होता.

नंदा कातळवाडीची पशुसखी. शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, वासरांच्या नोंदी ठेवायच्या, कोंबड्यांना लस द्यायची आणि काही वाकडं दिसलं की तालुक्याला कळवायचं, हे तिचं काम. बावीस वर्षं तिनं ते इमानानं केलं होतं आणि आता तिला त्याचा कंटाळा आला होता. गुडघे दुखत होते. मोबाइलवर रोज नवा फॉर्म येत होता. त्यात भाऊबीजेच्या दिवसापासून गावातल्या कोंबड्या एकामागून एक खुडूक बसायला लागल्या होत्या.

सुरुवातीला सगळ्या बायका हसल्या. एखादी कोंबडी खुडूक बसते त्यात नवल ते काय? अंडी द्यायचं थांबवते, पोट गरम होतं, रिकाम्या जागेवरसुद्धा तासन्‌तास बसून राहते. त्यावर गावाकडे ठरलेले इलाज आहेत. नाकात पीस घालतात. नाहीतर दिवसातून दोन-तीनदा गार पाण्यात बुचकळतात, पोट निवलं की कोंबडी भानावर येते. नंदानंच पुढाकार घेऊन निळा ड्रम मधोमध कापला आणि अंगणात टब मांडला. गावाच्या तिन्ही वस्त्यांतल्या बायका काखेत कोंबड्या घेऊन यायच्या, बुचकळायच्या, गप्पा मारून जायच्या. यंदा कोंबड्यांना फराळ बाधला, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. संध्याकाळी नंदा ते गढूळ पाणी ओढ्याकडच्या उताराला ओतून द्यायची.

अकरा दिवस असे गेले. इथं नंदा चुकली आणि बावीस वर्षांच्या अनुभवामुळेच चुकली. नवखी पोरगी असती तर घाबरून पहिल्याच दिवशी तालुक्याला फोन केला असता. नंदाला खुडूक ओळखता येत होतं, म्हणून तिनं ते ओळखलं आणि सोडून दिलं. नेहमीची खुडूक कोंबडी दिवसातून एकदा तरी उठते, दाणे टिपते, पाणी पिते, शिटते आणि मग परत जाऊन बसते. या उठतच नव्हत्या. दहाव्या दिवशी खालच्या वस्तीत चार कोंबड्या बसल्या जागी मेल्या. उचलल्या तेव्हा पिसांखाली नुसती हाडं होती.

आणि आता हा कोंबडा. आक्कांनी तर आपली एकही कोंबडी टबापर्यंत नेली नव्हती. "दहा घरच्या कोंबड्यांचं उष्टं पाणी माझ्यांना नको," असं म्हणून त्यांनी कुंपणाची भोकंसुद्धा बुजवली होती.

नंदानं घरात येऊन तालुक्याला फोन लावला.

*

आक्कांच्या कोंबड्या वेगळ्या का होत्या, ते सांगायला ज्येष्ठापर्यंत मागं जावं लागेल.

मानमोडी हा कोंबड्यांचा जुना वैरी. मान वाकडी होते, पंख लोंबतात आणि आठवड्यात खुराडं रिकामं होतं. त्यावर लस होती, पण ती प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात थेंब थेंब घालावी लागे. त्यासाठी दोघी लागत. एकीनं कोंबडी काखेत धरायची, मान मागं करायची, अंगठ्यानं पापणी उघडायची. दुसरीनं थेंब टाकायचा आणि कोंबडीनं डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं. कातळवाडीत टाकणारी नंदा आणि धरणारी भागाक्का. वीस वर्षं दोघी पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आधी, घरोघर हिंडल्या होत्या. आक्कांच्या हातात सर्वांत खट कोंबडीसुद्धा शांत व्हायची.

मग चालती लस आली. तिचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. बायकांनी तिला चालती म्हटलं, कारण ती स्वतःच्या पायानं गावभर जायची. कल्पना साधी होती. कोंबड्यांच्या घशात कितीतरी निरुपद्रवी विषाणू असतात. पाण्याच्या भांड्यातून, चोचीतून ते एकीकडून दुसरीकडे जातात आणि कुणाला काही करत नाहीत. शास्त्रज्ञांनी त्यातला एक निवडला आणि त्याच्यात मानमोडीच्या विषाणूचा एक बारीकसा तुकडा बसवला, ओळख पटण्यापुरता. हा विषाणू ज्या कोंबडीत शिरेल तिचं शरीर मानमोडी ओळखायला शिकणार. गावातल्या तीनच कोंबड्यांच्या डोळ्यात थेंब टाकायचा, चार-पाच महिन्यांत सगळं गाव सुरक्षित. सगळ्या कोंबड्या धरत हिंडायला नको.

नंदाच्या गुडघ्यांना ही कल्पना फार आवडली. आक्कांना आवडली नाही.

"जे औषध द्यायला कोंबडी धरावी लागत न्हाई, ते मला नको," त्या म्हणाल्या. "हातात धरली का कळतं, हिचं अंग तापलंय, हिला आज देऊ नये. तुझं औषध हे बघणार का?"

"बरं, तुमच्या कोंबड्यांना मी हात नाही लावणार," नंदा म्हणाली.

"शब्द?"

"शब्द."

नंदानं शब्द पाळला. आक्कांच्या कोंबड्यांना तिनं बोटसुद्धा लावलं नाही. स्वतःच्या तांबड्या तलंगेच्या, म्हणजे तरण्या कोंबडीच्या, डोळ्यात थेंब टाकला आणि तिला अंगणात सोडली. कारवीच्या कुंपणाला किती फटी असतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. आक्का नाही म्हणाल्या काय आणि हो म्हणाल्या काय, त्यानं काडीचा फरक पडणार नव्हता. हे तिनं आक्कांना सांगितलं नाही. चहा पिताना हे आठवलं की तिला तो घोट कडू लागायचा.

*

डॉक्टर केतकी वैराळ दुपारी आल्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय केंद्राच्या प्रमुख, वय एकतीस. चालत्या लसीची कुपी नंदाच्या हातात त्यांनीच दिली होती. त्यांनी कोंबड्याच्या घशातून कापसाची काडी फिरवली आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र आक्कांच्या ओट्यावर ठेवलं. पूर्वी नमुना पुण्याला जायचा आणि पंधरवड्यानं उत्तर यायचं. हे यंत्र विषाणूची जनुकं जागच्या जागी वाचायचं, चाळीस मिनिटांत.

आक्कांनी चहा केला. यंत्र वाजलं तेव्हा डॉक्टरांचा कप तसाच भरलेला होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, परत पाहिलं, मग नंदाला खुणेनं कुंपणापलीकडे नेलं.

"नंदाताई, हा आपलाच आहे."

"लसीचा?"

"लसीचाच. बदललेलासुद्धा नाही. जसा सोडला तसाच आहे."

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, जणू स्वतःलाच समजावत होत्या. कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याहून लहान एक ग्रंथी असते. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचं रसायन पाझरलं की कोंबडीला बसावंसं वाटतं. एरवी ते रोज थोडं थोडं चढतं आणि एकविसाव्या दिवशी, पिल्लं बाहेर आली की उतरतं. लसीचा विषाणू घशातून मज्जातंतूंच्या वाटेनं त्या ग्रंथीपर्यंत जात होता आणि तिला सतत चालू ठेवत होता. इतकी, की कोंबडीला भूकतहान राहत नव्हती. नराच्या शरीरातसुद्धा ती ग्रंथी असतेच.

"मग तपासताना हे दिसलं नाही, मॅडम?"

"तपासलं होतं. दोन वर्षं, हजारो कोंबड्यांवर. पण त्या सगळ्या पोल्ट्रीच्या. खुडूक बसण्यात अंड्यांचे दिवस वाया जातात म्हणून ती सवय त्या जातींतून पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढून टाकली आहे. त्यांच्यात विषाणूनं दार वाजवलं तरी उघडणारं घरात कुणी नव्हतं. तुमच्या गावरान कोंबड्यांत आहे."

नंदाला हसू आलं आणि त्याचीच लाज वाटली. एवढ्या मोठ्या मोठ्या माणसांनी लस केली, आणि एकाला म्हणून खुराड्यात बसलेली गावरान कोंबडी आठवली नाही.

यंत्रानं अहवाल परस्पर जिल्ह्याला पाठवला होता. संध्याकाळी नंदाच्या फोनवर आदेश आला. येत्या बुधवारी पथक येईल. कातळवाडीतले सर्व पक्षी मारून पुरण्यात येतील. पशुसखीनं घरनिहाय यादी तयार ठेवावी.

शुक्रवार होता. यादीत पहिलं घर तिचं होतं आणि दुसरं भागाक्कांचं. नंदानं फोन पालथा ठेवला. रडावंसं वाटत होतं, पण त्यालाही अंगात जोर लागतो आणि तो नव्हता.

*

शनिवारी ती आक्कांना सांगायला गेली. आदेशाचं सांगितलं, लस कशी पोचली ते पोटातच राहिलं.

आक्का तांदळाची कणी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"समद्या?"

"सगळ्या."

"ज्या चालत्या-फिरत्या हायेत त्या बी?"

"चालती एक तरी उरलीय का, आक्का?"

"लाखी उरलीय की." आक्कांनी हनुवटीनं कोंबड्या झाकायच्या डालग्याकडे खूण केली. "चार दिवस तिनं बी चोच उघडली न्हाई. मला वाटलं, गेली ही बी. काल पिल्लं फुटली तिची, सात. आन् आज सकाळी उठली, समदी कणी खाल्ली, वर माझ्या हाताला चावली."

लाखीला आक्कांनी दिवाळीच्या आधीच नऊ अंड्यांवर बसवलं होतं, साथ यायच्या कितीतरी आधी. नंदा डालग्यापाशी गुडघे टेकून बसली. लाखी खरंच उभी होती. पिसं विस्कटलेली, छाती बसलेली, पण पायांवर उभी होती आणि पायांत सात पिल्लं चिवचिवत होती. शेजारच्या खोक्यात तिच्याच दोन बहिणी रिकाम्या भुसकटावर डोळे मिटून बसल्या होत्या.

एकविसाव्या दिवशी, पिल्लं बाहेर आली की उतरतं. डॉक्टरांचं वाक्य नंदाला आठवलं आणि ती गुडघे विसरून उठली.

"मॅडम, आक्कांची लाखी पिल्लं फुटल्यावर उठली. तिला विषाणूच नसेल का?" तिनं फोनवर विचारलं. डॉक्टर तासाभरात येऊन हजर झाल्या. यंत्र लावलं. लाखीच्या घशात विषाणू होता, भरपूर होता.

"कोंबडी पिल्लाचा आवाज ऐकते, पोटाखाली त्याची हालचाल तिला लागते," डॉक्टर भराभरा बोलत होत्या, "मग वरून मेंदूच त्या ग्रंथीला बंद हो म्हणून सांगतो. विषाणूपेक्षा तो हुकूम जोरदार आहे. निदान हिच्या बाबतीत तरी. नंदाताई, आपल्याला पिल्लं पाहिजेत. अंडी नकोत, अंड्यांना तीन आठवडे लागतील. एक दिवसाची पिल्लं. चारशे तरी."

"कुठून आणायची?"

डॉक्टर म्हणाल्या, "रोज फेकून देतात की."

अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी काढून टाकतात. ती अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून त्यांचा कुणाला उपयोग नसतो. रविवारी दुपारी डॉक्टरांची गाडी भोकं पाडलेली सहा खोकी घेऊन कातळवाडीत आली. खोक्यांतून एवढा कलकलाट येत होता की शाळेतली पोरं धावत आली. ही पिल्लं पोल्ट्रीच्या जातीची, त्यामुळे विषाणूची त्यांना भीती नव्हती.

परकं पिल्लू कोंबडीखाली सरकवायचं ते दिवेलागणीला. उजेडात तिला ते दिसलं तर चोच मारते. अंधारून आलं की पोटाखालची ऊब तेवढी तिला कळते. त्या संध्याकाळी घरोघर बायका जोडीजोडीनं बसल्या. आक्कांच्या खुराड्यात आक्का कोंबडीला दोन्ही हातांनी अलगद उचलून धरत होत्या आणि नंदा खालून पिल्लू सरकवत होती. किती महिन्यांनी दोघी अशा समोरासमोर बसल्या होत्या. आक्कांचा हात तसाच होता, कोंबडीला उचलल्याचं कळतसुद्धा नव्हतं.

सहावी कोंबडी झाली, सातवी झाली.

"आक्का, हे चालत्या लसीचंच दुखणं आहे, आणि ती लस माझ्या कोंबडीची. तुमच्याकडं माझ्याकडूनच आली."

आक्कांनी सातवी कोंबडी हळूच खाली टेकवली.

"ती आपोआप पसरते हे मला माहीत होतं. हात लावणार नाही असा शब्द देताना माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला माझ्या कोंबडीलाही देऊ दिली नसती, म्हणून नाही सांगितलं."

आक्कांनी आठवी कोंबडी उचलली. "घाल," एवढंच म्हणाल्या. नंदानं पिल्लू सरकवलं. मग नववी, दहावी, अशा सगळ्या झाल्या. शेवटी कोंबडा उरला. त्याच्याखालचा गोटा आक्कांनी काढून घेतला आणि नंदानं तिथं दोन पिल्लं ठेवली. मग आक्का उठल्या, पदर झटकला, घरात गेल्या आणि आतून कडी लावली. वीस वर्षांत नंदा अंगणात असताना त्यांनी कडी लावली नव्हती.

*

सोमवारी पहाटे खालच्या वस्तीतून पहिली हाळी आली, "उठली गंऽ!" नंतर घराघरातून तेच. मंगळवारपर्यंत गावातल्या तीनशेचाळीसपैकी दोनशेच्या वर कोंबड्या पायांवर होत्या. उरलेल्यांना पिल्लं पोचायच्या आधीच उशीर झाला होता. आक्कांचा कोंबडा दोन पिवळी पिल्लं मागे घेऊन अंगणभर ऐटीत फिरत होता आणि पोस्टमन पुन्हा कुंपणाबाहेर उभा राहून हाका मारत होता. बुधवारचं पथक डॉक्टरांनी भांडून थोपवलं.

नंदाच्या दारात बायकांची गर्दी झाली. कुणी तिला नारळ दिला. सगळ्यांना तिनं खरं काय ते सांगितलं, तरी नारळ परत कुणी घेतला नाही. आक्कांचा मात्र अबोला होता. सकाळचा चहा बंद झाला. आक्का आता पाणी आणायलाही दुसऱ्या वाटेनं जात. नंदा कुंपणापाशी उभी राहिली की त्या लाखीशी बोलायला लागत, मोठमोठ्यानं, पिल्लांची चौकशी करत. कोंबड्या वाचल्याचा आनंद नंदाला मनासारखा करताच येईना. तिला एकटं वाटत होतं, आणि तसं वाटून घ्यायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं.

महिन्याभरानंतरच्या एका रविवारी डॉक्टर आल्या त्या ओट्यावर न बसता सरळ ओढ्याकडे चालत गेल्या. नंदा मागोमाग गेली. ओढ्यापलीकडे रान सुरू होतं. करवंदीच्या जाळीत वनरक्षकाला रानकोंबड्या सापडल्या होत्या, माद्या आणि नरही, उघड्या जमिनीवर बसलेल्या. अकरा मेलेल्या. हा त्यांच्या अंड्यांचा हंगामच नव्हता.

"इथपर्यंत कसा आला असेल?" डॉक्टर म्हणाल्या.

नंदानं ओढ्याच्या उताराकडे बोट दाखवलं. रोज संध्याकाळी टब ओतून ओतून तिथं चिखलाचा पट्टा तयार झाला होता, तो आता वाळला होता. त्यावर पक्ष्यांच्या पायांचे ठसे होते.

"त्यांच्याखाली पिल्लं कशी ठेवणार, मॅडम? जवळ गेलं की उडायच्या त्या. आणि ज्या उडत नाहीत त्या मेल्यात जमा."

डॉक्टरांनी पिशवीतून एक छोटी कुपी काढली. प्रयोगशाळेनं पंधरा दिवस रात्रंदिवस खपून दुसरा विषाणू केला होता. हाही चालता. पहिल्याची जागा घेणारा, ग्रंथीपर्यंत न जाणारा. या खेपेला गावरान कोंबड्यांवर तपासलेला, पण फक्त पंधरा दिवस. गावातल्या एका कोंबडीला दिला की तो ओढ्याच्या वाटेनं रानात जाईल.

"आणि यातून काही वेगळंच निघालं तर?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. "मी यावेळी तुम्हाला हमी देणार नाही. परवानगी वरून आली आहे, पण गाव नाही म्हणालं तर मी कुपी परत नेईन."

"सगळ्यांना विचारते," नंदा म्हणाली. "एक घर जरी नाही म्हणालं तरी न्या."

दोन दिवस ती बत्तीस घरं फिरली. प्रत्येक ठिकाणी बसून, पहिल्यापासून सांगून, हा विषाणू एकदा सोडला की थांबवता येणार नाही, तुमच्या नाही म्हणण्यालाही तो नंतर जुमानणार नाही, म्हणून आताच विचारतेय, असं सांगत. कुणी हो म्हणालं, कुणी भांडून मग हो म्हणालं. एकतीस घरं झाली. मंगळवारी ऊन कलताना ती कुंपण ओलांडून आक्कांच्या दारात जाऊन बसली.

आक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप दुसऱ्या बाजूला वळवलं.

नंदानं सगळं सांगितलं. रानातल्या कोंबड्यांचं, चिखलातल्या ठशांचं, कुपीचं. आक्का निवडत राहिल्या.

"मी न्हाई म्हनले तर?" महिन्याभरानं आलेला पहिला शब्द.

"तर मॅडम परत नेतील."

"आन् रानातल्या मरत्याल."

"हो."

"म्हंजी आता त्ये पाप माझ्या पदरात घालतीस." आक्कांचा आवाज चढला. "आधी इचारलं न्हाईस तवा एकटीनं करून मोकळी झालीस. आता इचारून मला बांधतीस. लई शहाणी हायेस, नंदे."

नंदाला हे कबूल होतं. आक्का थकलेल्या दिसत होत्या, आणि त्यांचा थकवा आपल्यामुळे आहे हे तिला नीट दिसत होतं.

"आन् रानाला कोण इचारनार?" आक्का म्हणाल्या.

"कुणी नाही, आक्का."

सूप पुन्हा हलायला लागलं. आक्का म्हणाल्या, "उद्या सांगते. जा आता."

बुधवारी उजाडताना नंदा कुपी घेऊन आपल्या ओट्यावर बसली. कातळवाडीत दिवस उगवतो तो आधी रानात. ओढ्यापलीकडून रानकोंबडा तुटक, घोगरा आरवतो आणि मग गावातले कोंबडे त्याला उत्तर देतात. आज आक्कांचा कोंबडा आरवला. तो थांबला, पुन्हा आरवला. पलीकडून काही आलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं बांग दिली आणि गप्प झाला.

आक्कांच्या दाराची कडी वाजली. त्या बाहेर आल्या, डालग्यापाशी वाकल्या आणि लाखीला काखेत घेऊन कुंपणाची फळी सरकवून नंदाच्या अंगणात आल्या. ओट्याच्या पायरीवर बसल्या. कोंबडीच्या छातीखाली हात घालून त्यांनी थोडा वेळ नुसतं तिचं अंग पाहिलं.

"ताप न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी लाखीची मान मागं केली आणि अंगठ्यानं पापणी उघडली.

"टाक. ह्यातनं काय वाईट निघालं तर दोघींच्या नावावर."

नंदानं कुपीचं बूच काढलं. आक्का कोंबडी धरून, ओढ्याकडे न बघता, थेंबाची वाट बघत राहिल्या. मग थेंब पडला. लाखीनं डोळा मिटला, उघडला.

"चहा टाक आता," आक्का म्हणाल्या, पण कोंबडी त्यांनी अजून सोडली नव्हती.